दुसऱ्या तोडीचा टॅब

टॅब हातात दिला की ते आधी तो उलटा करायचे. पाठीवरून अंगठा फिरवायचे, चारही कोपरे हलकेच दाबायचे आणि मग, हसू नका, नाकाशी न्यायचे. वास घेऊन झाला की मान तिरकी करून म्हणायचे, "बघूया. घाई नाय."

रत्नागिरीत एसटी स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात मी काउंटर सांभाळते. गिऱ्हाइकांचे नमुने तुम्हीही पाहिले असतील. रंगावर भाळणारे, मुंबईच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून त्याला निवडायला सांगणारे, तासभर हाताळून शेवटी ऑनलाइन मागवणारे. हे काका यांतल्या कुठल्याच खणात बसत नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी आंब्याची प्रतवारी केली होती. बागेतून आलेला हापूस हातात घेतला की हा चार डझनी पेटीतला, हा पाच, हा सहा, हे ते गप्पा मारता मारता वेगळं करत. आता हंगाम संपला होता आणि देठ नसलेली वस्तू कशी पारखायची, या पेचात ते पडले होते.

"बाय, फार थोरला नको, नि अगदी बारकाही नको," पहिल्या दिवशी ते म्हणाले. "पाच डझनी दाखव."

मला काही कळेना. मग त्यांनीच समजावलं. पेटीत चारच डझन बसतात ते चार डझनी फळ मोठं, पाहुण्यांपुढे मिरवायचं. सहा डझनी बारकं, हातात घेईपर्यंत संपतं. घरात खायला पाच डझनी. म्हणजे मधल्या किमतीचा टॅब. त्या दिवसापासून आमच्या दुकानात मधल्या रेंजला तेच नाव पडलं. शेठसुद्धा आतून ओरडायचे, "अगं, पाच डझनी संपले का बघ!"

टॅब त्यांना स्वतःसाठी नको होता. चैत्रात काकींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसता एक आवाज निघायचा, पाण्यालाही तोच आणि दुखण्यालाही तोच. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी एक दिवस स्वतःचा टॅब काकींपुढे धरला. त्यात चित्रांचे चौकोन होते. काकींनी डाव्या हाताचं बोट ग्लासच्या चित्रावर ठेवलं आणि टॅब मोठ्याने म्हणाला, "पाणी." काका सांगत होते, "तिनं माझ्याकडं असं बघितलं, बाय, लग्नात पण बघितलं नव्हतं."

मोबाईलवर तेच चौकोन एवढेसे व्हायचे, एका बोटाखाली दोन यायचे. मॅडमनी कागदावर आठ चित्रं छापून दिली होती, पण काकी तो कागद ढकलून द्यायच्या. "बरोबर हाय तिचं," काका म्हणाले. "मी पडवीत असलो तर कागद मला हाक मारतोय थोडाच?"

तेव्हा त्यांची पारख कशासाठी चालली होती, ते तुमच्या लक्षात आलं असेल. कॅमेरा किती चांगला, पिक्चर कसा दिसतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मॅडमचं ते अॅप मी दुकानातल्या टॅबवर टाकून दिलं. मग काका आपला उजवा हात पाठीमागे बांधायचे आणि डाव्या हाताचं बोट थरथरवत, घसटत चौकोनावर आणायचे. "तिचा हात असा येतो," म्हणायचे. इतकी वर्षं फळं उचललेला तो हात मुद्दाम लुळा केलेला मला बघवायचा नाही. मी बिलांची चळत उगाच सारखी करत बसायचे.

स्वस्तातला टॅब पहिल्याच फेरीत बाद झाला. बोट ठेवलं तरी बोलायला वेळ लावायचा. "तोवर ती दुसरं दाबील. मग पाणी मागितलं तर हा चादर सांगील." महागड्याबरोबर पेन होतं, ते त्यांनी आदराने परत ठेवलं. मधला मात्र जमत होता. आवाज खणखणीत, चौकोन मोठे, घसटत आलेलं बोटही ओळखायचा आणि लाइट गेली तरी दिवसभर चालायचा. मी स्पष्ट सांगितलं, "काका, हा घ्या. ह्याच्यात नाव ठेवायला जागा नाही."

"कधी आला हा?"

"नवीनच आहे. मागच्याच आठवड्यात आला."

झालं. त्यांनी टॅब खाली ठेवला. "पयल्या तोडीचा माल घेऊ नये, बाय. भाव मिळतो म्हणून लोक कोवळाच आंबा उतरवतात. वरून पिवळा होतो, पण चव नाय. दुसऱ्या तोडीला ये म्हणतो मी गिऱ्हाइकाला."

आणि त्यांना साक्याची धास्ती होती. साका म्हणजे हापूसचं गुपचूप दुखणं. वरून फळ सोन्यासारखं, आणि कापलं की आत पांढरी, बेचव गाठ. चाळीस वर्षांच्या हातालाही तो बाहेरून कळत नाही. "फळ फेकून दुसरं देता येतं," ते म्हणाले. "पण ती शिकली, बोलायला लागली, आणि हा मधेच बंद पडला तर? दुसऱ्यांदा तिची वाचा गेली तर मी काय करू?"

वाईट हे, की त्यांचं म्हणणं खरं ठरलं. चार दिवसांतच त्या पहिल्या मालातला एक टॅब परत आला. त्याच्या स्क्रीनवर आपोआपच काहीबाही दाबलं जात होतं. पुढच्या खेपेला मी त्यांना ते सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला, पारख खरी ठरल्यावर उजळतो तसा. "बघ! दुसरा माल आला की फोन कर."

"थांबाच काका," मी म्हटलं. हो, मीच म्हटलं.

दुसरा माल यायला सव्वा महिना लागला. मधल्या काळात काका दर सोमवारी यायचे, दुकानातल्याच जुन्या टॅबवर डाव्या हाताने सराव करायचे. शेठ चेष्टा करायचे, "काका, टॅब घेताय की पिकायला आढीत घालताय?" काका हसून म्हणायचे, "घाई नाय." मग दोन सोमवार ते आले नाहीत. नवा माल आला तेव्हा मी त्यांना चार वेळा फोन केला. कोणी उचलला नाही. तरी एक टॅब बाजूला काढला, अॅप टाकलं, चार्ज करून ठेवला.

ते आले तेव्हा त्यांचं डोकं भादरलेलं होतं. विचारायचं काही उरलं नव्हतं.

"तेरा दिवस झाले काल," ते म्हणाले. "तू फोन केलेलास, म्हणून आलो. आलाय ना माल?"

मी टॅब त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटा केला नाही, वासही घेतला नाही. "बाय, मला घेयाचा नाय. फक्त एकदा ती चित्रं लाव. सगळी."

शेवटच्या संध्याकाळी काकी काहीतरी मागत होत्या. डावा हात काकांकडे करून सारख्या तोच आवाज काढत होत्या. काय हवं होतं, ते काकांना कळलं नव्हतं. ते आता शोधायला आले होते.

त्यांनी पहिला चौकोन दाबला. "पाणी," टॅब म्हणाला. "दिलं होतं," काका म्हणाले. "भूक." "पेज आणली, तोंड फिरवलंन." "थंडी." "गोधडी घातली." "उकडतंय." "पंखा लावला." "दुखतंय." "पाय चेपले, तेल आणायला गेलो." शेठ बाहेर आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. पान उलटत होतं. उशी, खिडकी, देव, मुलगा, डॉक्टर. प्रत्येक चौकोनाला काकांकडे उत्तर होतं. मुलालासुद्धा फोन लावून काकींच्या कानाशी धरला होता.

शेवटच्या पानावर दोन माणसांचं चित्र होतं, एक खाटेवर आणि एक शेजारी. त्यांनी बोट ठेवलं.

"जवळ बसा," टॅब म्हणाला.

बोट तिथेच राहिलं म्हणून टॅब पुन्हा म्हणाला, "जवळ बसा."

"मी सारखा उठत होतो गो," ते म्हणाले. "हे आण, ते आण. सारखा उठत होतो."

मी त्यांना स्टूल दिलं, पण ते बसले नाहीत. टॅब माझ्याकडे सरकवून म्हणाले, "माल चांगला हाय." आणि पायऱ्या उतरून स्टँडकडे गेले.

दुसऱ्या दिवशी एका बाईंनी तोच टॅब पाच मिनिटांत पसंत केला. त्या पिशवी शोधत होत्या तेवढ्यात मी ते अॅप काढून टाकलं. काका त्यानंतर दुकानात आले नाहीत.