मिठाचा शेक

"आई, काकू गेली," सुनंदा फोनवर एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. लेकीचं ते रडणं ऐकताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला संकोच वाटतो... मी गेले तर ही इतकी रडेल का? त्याला आता दीड महिना झाला. मालती माझी धाकटी जाऊ. आम्ही कधी भांडलो नाही. पण मी तिचा आयुष्यभर हेवा केला आणि त्याची सुरुवात माझ्या पाठीपासून झाली.

अडुसष्ट साल असावं. कुलाबा जिल्ह्यातून आलेले आम्ही दोघी जावा, आमचे नवरे दोघे भाऊ, सासूबाई आणि माझी सुनंदा भाईंदरच्या पश्चिमेला मोरवा गावाजवळ दोन खोल्यांत राहायचो. मालतीच्या लग्नाला चारच महिने झाले होते. विहिरीवर हंडा उचलताना शेवाळावरून माझा पाय सरकला आणि मी कठड्यावर पाठ आपटून पडले. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी महिनाभर फळीवर निजायला सांगितलं. मालती मिठागरातलं जाडं मीठ तव्यावर तापवायची, फडक्यात बांधून कंबरेला शेक द्यायची, मग तेल लावून हलक्या हातानं चोळायची. कळ उतरायची. त्याच वेळी शेजारच्या खोलीतून यांचा आवाज यायचा, "आज आमटी झकास झालीय." माझ्या भाकरीला सहा वर्षांत कधी बरं न म्हणणाऱ्या सासूबाई तिच्याकडून आणखी एक मागून घ्यायच्या. आणि एकदा माझी पाच वर्षांची सुनंदा तिचा पदर ओढून म्हणाली, "आई, भूक लागलीय." मालतीनं घाईनं तिला माझ्याकडे वळवलं, "आई इथे आहे बघ." मी झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी उठले. जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मांडणीवरचा पिठाचा डबा काढायला हात वर केला आणि अशी कळ गेली, की डब्यासकट खाली बसले. मालती पाणी घेऊन आली तेव्हा मी पिठात पडले होते.

"वहिनी, एवढी घाई कशाला करताय?"

"माझं घर आहे," मी म्हटलं.

ती खाली बसून पीठ गोळा करत राहिली... "तुमचंच आहे. मला एकटीला झेपत नाहीय. लवकर बऱ्या व्हा."

पुढे पंच्याहत्तरच्या सुमारास मालती आणि भावोजींनी भाईंदर पूर्वेला वेगळी खोली घेतली. एकदा तिच्याकडे चहा पिताना मी बोलून टाकलं, "तेव्हा मला तुझा फार राग यायचा."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी हात लावला की तुमची पाठ ताठ व्हायची. सैल होईपर्यंत मी हात तसाच ठेवायचे."

गेल्या महिन्यात मालतीचे दिवस झाल्यावर सुनंदा माझ्याकडे राहायला आली. सकाळी पाहिलं, तर ती कुशीवर वळली, कोपर टेकलं, आधी पाय खाली सोडले आणि मग उठून बसली. पाठदुखी तिला कधीच नव्हती.

"अशी का उठतेस गं?"

"काकू तुला असंच उठायला शिकवायची ना. मी शेजारी बसून बघायचे."

माझं काय उचललंस, हे मात्र मी तिला विचारलं नाही.