रिकाम्या चॅनलवर आमचं घर

दादांचा चष्मा पहिल्यांदा हरवला तेव्हा आम्ही हसलो. मग तांब्या गेला, मग गजराचं घड्याळ, मग मागच्या दाराची किल्ली. चार महिन्यांत हसणं संपलं. दादा म्हणजे माझे वडील. ते मधल्या खोलीत दाराकडे तोंड करून बसायला लागले. जेवायला बसले तरी एक डोळा दारावर. "कोन तरी शिरतंय घरात," म्हणायचे, "तुमी गेलासा की येतंय."

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कराडला लागून असलेल्या मलकापुरात आमचं तीन खोल्यांचं घर, आणि त्याच गल्लीत चार घरं सोडून माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती साडेदहाची एसटी धरायची, मी अकराला दुकान उघडायचो. आई गेल्यापासून दादा दिवसभर एकटे. दुपारी एक मावशी भांडी घासायला यायच्या, घराला तेवढीच जाग. आता होस्टेलवर राहून शिकणारी आमची लेक रांगत होती तेव्हापासून त्या येत होत्या. एक दिवस दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती भांडीवालीच हाय."

दुसऱ्या कुणाचे वडील असं म्हणाले असते तर मी खांदे उडवले असते. पण दादांचं लहानपण मेढ्याकडच्या एका खेड्यात गेलं होतं. तिथं कुणाची कोंबडी जरी दिसेनाशी झाली तरी पहिली झडती आमच्या वस्तीची. एका कंदिलाच्या चोरीचा आळ घेऊन माझ्या आजोबांना चावडीपुढं उभं करून मारलेलं दादांनी सहा-सात वर्षांचे असताना बघितलं होतं. हरवलेला कंदील नंतर मालकाच्याच गोठ्यात सापडला, पण ते सांगायला वस्तीत कुणी आलं नाही. पुढं दादांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, गाव सोडलं, एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली. घरात त्यांचा एकच कडक नियम होता. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाला चोर म्हणायचं नाही. शाळेत पेन हरवल्यावर मी शेजारच्या पोराचं नाव घेतलं, तेव्हा त्यांनी माझ्या थोबाडीत दिली होती. जन्मात मारलेली तेवढी एकच.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, आता वाढत जाणार. मला ऐकू आलं नाही असं नाही, मला ते ऐकायचंच नव्हतं. डोकं मेकॅनिकचं. बिघाड आहे म्हणजे कुठं तरी एक तार सुटलेली असणार, असं मला वाटायचं. डोळ्यांनी बघायचं हा दादांचाच नियम ना? मग दाखवू या. घरात कुणी येत नाही हे त्यांना त्यांच्याच डोळ्यांनी दिसलं की खूळ जाईल, आणि माझे वडील मला परत मिळतील. तेवढ्या एका आशेवर मी घरात कॅमेरा बसवायला घेतला.

पुण्याहून एक स्वस्तातला काळ्या-पांढऱ्या चित्राचा कॅमेरा आणला, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. चहापत्तीच्या डब्याला भोक पाडून त्यात बसवला आणि डबा मधल्या खोलीत शोकेसवर ठेवला. मागचं दार, भांड्यांची मांडणी आणि स्वयंपाकघराचा अर्धा भाग त्याला दिसायचा. एका गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकून कधीच न नेलेला व्हीसीआर पडून होता, त्यावर दुपारचे तीन तास रेकॉर्ड व्हायचे. पण मला दुकानात बसूनही दादांवर नजर ठेवायची होती. चार घरांवरून नवी तार ओढायची म्हणजे खर्च आला, आणि चार जणांना विचारणं आलं. मी जरा जास्तच हुशार. घरातून दुकानाकडे केबल टीव्हीची तार गेलेलीच होती. कॅमेऱ्याचं चित्र एका रिकाम्या चॅनलवर चढवलं आणि त्याच तारेत उलट्या दिशेनं सोडलं. दुकानातल्या टीव्हीवर आमचं घर झकास दिसायला लागलं. ती तार आणखी सात-आठ घरांत जाते हे मला माहीत नव्हतं थोडंच? पण रिकाम्या चॅनलवरच्या मुंग्या बघायला कोण जातंय, म्हणून मी निर्धास्त. दाराला नवीन कडी-कोयंडा लावला, आणि सुरक्षेचा बंदोबस्त झाला म्हणून बायकोपुढं मिरवून घेतलं.

रोज संध्याकाळी कॅसेट लावून मी दादांना शेजारी बसवायचो आणि भराभर पुढं पळवायचो. "बघा, दारातून कुणी आलं?"

"कॅमेरा हाय हे त्येला कळलं असंल," दादा म्हणायचे.

माझी नजर दारावर. चोर दारातूनच येणार. मधून एक म्हातारा घरातल्या घरात इकडून तिकडं जायचा, ते काय बघायचं? तेवढा भाग तर मी आणखी जोरात पळवायचो. वस्तू जातच होत्या.

एक दिवस दुपारी दुकानात कामात असताना सहज मान वर केली, तर पडद्यावर दादा मावशींची पिशवी हिसकावत होते. आवाज नव्हता, नुसतं चित्र. त्यांनी पिशवी उलटी केली. भाकरीचं फडकं, बांगड्यांचा एक जोड, औषधाची बाटली फरशीवर पडली. मी हातातलं टाकून पळालो. पोचलो तेव्हा मावशी खाली बसून एकेक वस्तू वेचत होत्या. "उद्या या," एवढंच माझ्या तोंडून निघालं. मावशी, आमचा तुमच्यावर संशय नाही, हे वाक्य मी बोललो नाही. कारण खरं सांगायचं तर तो होता. डॉक्टरांचं खरं मानण्यापेक्षा एका बाईला चोर मानणं मला सोपं जात होतं. आजही त्याची लाज वाटते.

त्या पुन्हा आल्या नाहीत. आठवड्यानं थेट दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमचं घर समद्या गल्लीच्या टीव्हीत दिसतंय."

मी दुकानातल्या टीव्हीकडे वळून बघितलं.

"कोपऱ्यावरच्या घरी धुणं करते मी. तितं बघितलं. तुमच्या वडलांनीच तांब्या उचलला आन् गव्हाच्या कोठीत घातला. माजी पिशवी उलटी केल्याली बी समद्यांनी बघितली म्हनं. आता तरी मी चोर न्हाई न्हवं?"

"मावशी, चुकलं आमचं. या परत."

"न्हाई यायची. लय वर्सं आले," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. माझ्या आजोबांना जे सांगायला कुणी आलं नाही, ते या बाईला सांगायला मी जायला हवं होतं. उलट तिनंच येऊन आपला खरेपणा मला सांगितला.

गल्लीनं पंधरा दिवस आमचं घर बघितलं होतं. मी दिसलो की ओट्यावरच्या गप्पा का थांबतात ते आता कळलं. शेजारी म्हणाले, "आवं, तुमाला कसं सांगायचं?" आईचं लुगडं मांडीवर घेऊन दादा तासन्‌तास त्याच्याशी बोलत बसायचे, बंडी उलटी घालायचे, फरशीवरच लघवी करून ती पुसत बसायचे. जे मला मुलगा असून माहीत नव्हतं ते सात-आठ घरांना माहीत होतं. घराचं रक्षण करायला निघालो आणि बापाची अब्रू मीच चव्हाट्यावर मांडली. मी घरी जाऊन तार तोडली. पक्कड घेऊन तोडली, सोडवत बसलो नाही.

बायकोनं गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. दोन तांबे निघाले, घड्याळ निघालं, किल्ल्या, दोन चष्मे, आणि आईच्या फोटोची काढलेली चौकट. ती तिथंच जमिनीवर बसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अहो, कॅसेट त्यांना दाखवू नका. काय मिळणार आहे?"

तिचं बरोबर होतं. पण माझ्या डोक्यात तो नियम घट्ट बसलेला. डोळ्यांनी बघितलं की पटेल. रविवारी सकाळी दादांना आंघोळ घातली, धुतलेली बंडी घातली, आणि कॅसेट न पळवता लावली.

पडद्यावर दादा स्वयंपाकघरातून आले. दाराकडे बघितलं. मांडणीवरचा तांब्या उचलला, बंडीच्या टोकानं हळूच पुसला, छातीशी धरला आणि कोठीकडे गेले.

"ह्योच!" दादा ताडकन उठले. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा एवढा खुललेला मी बघितला नव्हता. "सांगत हुतो का न्हाई? घावला का न्हाई?"

"दादा, नीट बघा. बंडी कुणाची आहे ती?"

त्यांनी अंगातल्या बंडीकडे बघितलं, मग पडद्याकडे. "माजीच हाय. ती बी चोरली म्हनायची."

मी कॅसेट मागं घेतली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. त्यांचं बोट धरून पडद्यावर टेकवलं. त्यांना चोर दिसत होता, आणि तो सापडला म्हणून ते खूश होते. माझा तोल गेला. "मग काय करू याला? पोलिसांत देऊ?" मी ओरडलो.

दादांनी पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडे कितीतरी वेळ टक लावून बघितलं. चेहऱ्यावरचा आनंद उतरत गेला. मग ते माझ्याकडे वळले आणि दोन पावलं मागं सरले.

"साहेब," दादा मला म्हणाले, "मारू नगा त्येला. म्हातारं हाय. कुनाचा तरी बाप असंल." आणि त्यांनी माझ्यापुढं हात जोडले.