भिजवलेल्या गव्हाचं पाणी

ऋतूंची उदाहरणं देऊन कुणी समजूत घालायला लागलं की मला आजही मळमळतं.

आई गेली त्या थंडीत साताऱ्याच्या आमच्या घरी जो येई तो तेच बोले. ऋतू बदलतात, पानं गळतात, नवी येतात. हातात आमच्याच चहाचा कप, आणि तोंडानं झाडांच्या गप्पा. सगळ्यांत पुढं आत्या. ती उंब्रजला दिलेली. संक्रांत होते न होते तोच तिनं वडिलांसाठी सांगलीकडची एक बाई बघून ठेवली, नवऱ्यानं टाकलेली. "दादा, झाडाला बी पालवी फुटती, तू तर माणूस हायस," असं ती माझ्यासमोर म्हणाली.

वडील मिलिटरीतून रिटायर झालेले, मुळात कमी बोलणारे. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पण होळीच्या सुमाराला त्यांनी केसांना कलप लावला. वाटीत कालवलेला तो काळा लगदा, कानामागं वाळलेला ओघळ, सकाळी उशीच्या अभ्र्यावर पडलेले डाग. मला शिसारी आली. तो अभ्रा मी काठीनं उचलून बादलीत टाकला.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. घर आपण एकटीनं चालवून दाखवलं की त्या बाईची गरजच उरणार नाही, असं मी मनात पक्कं धरलं होतं. स्वयंपाक, धुणं, वडिलांच्या शर्टांना कडक इस्त्री, सगळं करत होते. राहिलं होतं फक्त वाळवण. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात बायका पाळीपाळीनं एकमेकींकडं कुरडया घालायला जात. आईची पाळी अक्षयतृतीयेच्या आधी असायची. ती मी सोडली नाही. आत्यालाही मुद्दाम बोलावून घेतलं, तिनं डोळ्यांनी बघावं म्हणून.

कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवायचा आणि चौथ्या दिवशी वाटून त्याचा चीक काढायचा. रोज सकाळी पाणी बदलायचं, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी मी पातेल्यावरचं फडकं उचललं आणि तो आंबूस, कुजका भपकारा थेट घशात गेला. फडकं तसंच टाकून मी अंगणात पळाले. एक दिवस नाही बदललं तर काय होतंय, असं म्हटलं. तिसऱ्या दिवशीही तेच म्हटलं.

चौथ्या दिवशी बायका सोऱ्या घेऊन आल्या. त्यांतल्या एकीनं फडकं काढलं. पाण्यावर गुलाबी साय धरली होती आणि पातेल्याच्या कडेनं बारीक अळ्या वळवळत होत्या. एक बाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली, दुसरीला गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. आत्यानं पातेल्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती वडिलांकडं बघत राहिली.

वडिलांनी पातेलं उचललं आणि मागच्या गटारात ओतलं. मग बाह्या वर करून राखेनं घासलं, दोनदा. मी दारात उभी होते. मला स्वतःचीच किळस येत होती, आणि ती झाकायला मी त्यांच्यावर चिडत होते. हात पुसत ते आत्याला म्हणाले, "कळव सांगलीला."

तुळशीचं लग्न झालं आणि त्याच आठवड्यात देवळात चार माणसांत वडिलांचं आणि त्या बाईचंही झालं. मी तिला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हते. तिनं भरून दिलेला पेला ओतून पुन्हा विसळून घ्यायचे, तिला दिसेल असा. पुढच्या वेळी ती तो पुन्हा भरून ठेवायची.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं गहू भिजवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होते. ती पातेलं मोरीवर घेऊन आली, पाणी ओतायला लागली आणि तोंड फिरवून ओकारी काढली. पुन्हा एकदा काढली. मग पदरानं डोळे पुसले, कोपरापर्यंत हात घालून गहू खळबळून धुतला आणि नवं पाणी घातलं.

"एवढी किळस येते तर करता कशाला?" मी विचारलं. मला मजा वाटत होती, हे खोटं कशाला सांगू.

"लय येती गं. म्हायेरी बी यायची," ती म्हणाली. फडकं बांधता बांधता तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "तुज्या आईला येत न्हवती व्हय?"

मी तोंडातला फेस थुंकला. गहू भिजत पडला की ते तीन दिवस मी नाक धरून मैत्रिणीकडं पळायचे आणि चौथ्या दिवशी गरम चीक तूप घालून खायला परत यायचे. इतक्या उन्हाळ्यांत त्या पातेल्यावर वाकलेल्या आईचा चेहरा मी एकदाही पाहिला नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणाले.