टाकीचा श्वास

लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच, शाळा सगळी कन्नडमध्ये झाली, मराठी आईच्या तोंडून आलं तेवढंच. त्यातून विषय बोटीवरच्या संडासाच्या टाकीचा. वाचणाऱ्यांनी आधीच माफ करावं. पण या टाकीपायी एका माणसाचं काम गेलं, आणि ते कोणामुळे गेलं हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहितो.

सातव्या सेमिस्टरला सहा आठवड्यांची इंटर्नशिप असते. म्हैसूरहून दीड तासावर, धरणाच्या पाण्यात पर्यटकांना फिरवणारी एक बोट आहे, तिथे मला जागा मिळाली. अप्पांना वाटलं, मुलगा इंजिन शिकेल. मॅनेजरने पहिल्याच दिवशी डेकवरचं झाकण उचललं आणि म्हणाला, "हे तुझं." खाली अडीच फूट उंचीची जागा होती. पोटावर सरकत जायचं, टोकाला पांढरी प्लास्टिकची टाकी. बोटीवरचा मैला पाण्यात सोडायला बंदी आहे, म्हणून तो सगळा तिच्यात साठतो. आठवड्यातून एकदा धक्क्यावर टँकर येऊन उपसून नेतो.

बोट मामा चालवायचे. पन्नाशी उलटलेले, आमच्यासारखेच कितीतरी पिढ्या इथे राहिलेले मराठी. सगळे त्यांना मामाच म्हणत. "दोन्ही झाकणं उघड, पंखा लाव, पंधरा मिनिटं सुम्ने, गप्प बस, मग खाली जा," हे त्यांनीच शिकवलं. "त्या वासात माणूस झोपला की उठत नाही." मी खाली असलो की ते वरून टाच आपटायचे, मी खालून पान्याने ठोकायचो. उत्तराला उशीर झाला तर ओरडायचे, "अय्यो इंजिनिअर, आहेस का गेलास?"

दसऱ्यानंतर टाकी बिघडली. फ्लश दाबला की घाण खाली जाण्याऐवजी बुडबुडत वर यायची. प्रवासी नाकाला रुमाल लावून उतरायचे. मी पाइपमधली रबराची झडप बदलली. पातळी दाखवणारा तरंगता गोळा अडकला असेल म्हणून तो धुतला. मैला कुजवणारे जंतू मरतात म्हणून संडासात फिनेल ओतणं बंद करायला लावलं. काही फरक पडला नाही. दिवसातून तीनदा मी त्या खाचेत जायचो. छताला पाठ घासायची, कूस बदलायची तर आधी पूर्ण बाहेर यावं लागायचं.

मॅनेजरने कारण ठरवून टाकलं. "लोक आत काय काय टाकतात, आणि तुम्ही पुढे बघत बसता," तो मामांना म्हणाला.

"मी पुढे नाही बघितलं तर बोट कुठे जाईल, सार?"

धक्क्यावरचे दोघंतिघं हसले. मॅनेजरला ते झोंबलं. "उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. मामांनी डबा उचलला आणि गेले.

दोन दिवसांनी टँकर आला. उपसा सुरू झाला तशा टाकीच्या भिंती आत दबू लागल्या. मी घाबरून वरचं एक बूच सैल केलं, आणि भस्सकन हवा आत गेली, कितीतरी वेळ जात राहिली. तेव्हा कळलं, टाकीला श्वासच घेता येत नव्हता. हवेसाठी अंगठ्याएवढा एक पाइप असतो, त्याचं तोंड बोटीच्या बाहेरच्या अंगाला उघडतं. मी धक्क्यावर आडवा पडून पाहिलं. तोंडात हळद आणि गंधाचा वाळून दगड झालेला गोळा होता. त्यात झेंडूचा देठ.

तो मीच बसवला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला इंजिन, पंप, सुकाणू, सगळ्यांना गंधफूल लावलं. टाकीला कोणी लावत नाही, तिलाही मान मिळावा असं वाटलं. टाकीपाशी फूल कोणाला दिसणार, म्हणून तिच्या पाइपचं बाहेरचं तोंड निवडलं; तो कशासाठी असतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं. फूल तिथे टिकेना, तेव्हा ओलं गंध अंगठ्याने आत दाबलं.

तार घालून गोळा काढला. फ्लश चालू झाला. मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली. "बघितलंस? म्हातारा गेला आणि टाकी बरी झाली."

गोळा कोणाचा हे मी सांगितलं नाही. इंटर्नशिपचे चार दिवस उरले होते, शेवटच्या दिवशी कागदावर त्याची सही व्हायची होती. ते चार दिवस मी उगाचच टाकीपाशी जाऊन पडायचो. नवीन चालक चांगला होता, पण खाली कोणी आहे का हे विचारायची पद्धत त्याला कोणी सांगितली नव्हती. मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार?

शेवटच्या सकाळी कागद टेबलावर होता, पेन उघडलेलं होतं. तेव्हा बोललो. अडखळत बोललो, दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मॅनेजरने पेनला टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. सहीची जागा कोरी.

कॉलेजने सांगितलं, इंटर्नशिप पुढच्या सेमिस्टरला परत करावी लागेल. संध्याकाळी अप्पा नंजनगूडहून, कारखान्यातून आले. खांद्यावरची पिशवी न उतरवता त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, वाया गेलेल्या इंटर्नशिपचं विचारतील. त्यांनी विचारलं, "आणि त्या माणसाचं काय?"

मला माहीत नव्हतं. मामांचा फोन बंद लागायचा. घर कुठल्या गावात हे मी सहा आठवड्यांत कधी विचारलंच नव्हतं. अप्पा रोज जेवताना माझ्याकडे बघायचे, मी नाही म्हणून मान हलवायचो. दोन खोल्यांचं घर, उठून जायला दुसरीकडे जागा नाही. असे सोळा दिवस गेले.

परवा दुपारी लॅबबाहेर फोन वाजला. मागे इंजिनाचा आवाज होता, त्यामुळे मामांना ओरडून बोलावं लागत होतं.

"मॅनेजरनं सकाळी माणूस पाठवून बोलावलं रे. तू काय सांगितलंस तेही सांगितलं त्यानं. चार दिवस गप्प बसलास, त्याचा राग आहे मला, तो राहणार. पण बोट आजपासून परत माझ्याकडे आहे."