पिवळी चाकं आणि माझी सही

"काका, सकाळी तुम्हीच ही गाडी पास केलीय. ही बघा तुमची सही!" निखिल माझ्यासमोर रजिस्टर नाचवत होता. फायनलला दहा मिनिटं राहिली होती.

सही माझीच होती. तरी मी हातोडी घेऊन सागरच्या गाडीपुढे बसलो.

उभी नोकरी मी दौंडला रेल्वेचे डबे तपासण्यात काढली. हातोडी मारायची आणि कान द्यायचा. घट्ट नट खणकन वाजतो, ढिला बद्द वाजतो. रिटायर झाल्यावर घरात बायकोचे डबे तपासू लागलो, तेव्हा तिनंच मला या पोरांच्या ड्रॅग रेसला सेफ्टी तपासायला पिटाळलं. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, सरळ रस्ता, उभ्या जागेवरून सुटायचं आणि चारशे मीटरवर आधी पोचायचं. शिरूरजवळ एक प्लॉटिंग विकलंच गेलं नाही. त्यातला काँक्रीटचा रस्ता मालकानं दिला होता. एमआयडीसीत क्वालिटी बघणारा निखिल हे सगळं जमवतो.

सागर निमोण्याचा. त्याचे आजोबा मेंढरांमागे चालायचे, वडील कांदा करतात. यानं जुन्या गाडीच्या मागच्या सीट काढून टर्बो बसवला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवली. रेससाठी चाकं भंडाऱ्यासारखी पिवळीधमक रंगवली. हे सगळं फुकटचे धंदे आहेत असं म्हणणारे त्याचे आप्पा आज पहिल्यांदा बघायला आले होते, रस्त्याकडेच्या दोरीला अगदी खेटून उभे.

"प्रॅक्टिस झाली ना? मग परत तपासायची," मी म्हणालो. "आमच्याकडे गाडी निघतानाही बघतात आणि आल्यावरही."

"ही रेल्वे नाही, काका."

"चाकंच आहेत ना?"

पुढचं डावं चाक. पहिला नट खणकन. दुसरा बद्द. तिसरा बद्द. पाना लावला तर अर्धा फेरा सहज फिरला. सकाळी हेच नट छान वाजले होते.

"लगेच टाईट करतो, काका," सागर म्हणाला.

"करशील. पण ढिले का झाले? चाक काढ."

"आता टाइम कुठं हाय?"

"काढ म्हंत्यात तर काढ की!" दोरीपलीकडून आप्पा ओरडले.

चाक निघालं आणि कारण दिसलं. चाक ज्या बाजूनं हबवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी तबकडीवर टेकतं, त्या बाजूलाही रंगाचे जाड थर होते.

"इथं कशाला मारलास?"

"अर्धवट काम करू वाटंना, काका. म्हटलं, समदंच मारू."

पोरानं जीव ओतून काम केलं होतं, तेच अंगाशी येत होतं. सकाळी नट लोखंडावर नाही, रंगावर आवळले गेले होते. प्रॅक्टिसच्या हिसक्यानं आणि ब्रेकच्या उष्णतेनं रंग दबला, नट सैल पडले. फायनलच्या झटक्याला बोल्ट तुटून चाक सुटलं असतं. गाडी डावीकडे गेली असती, आप्पांच्या बाजूला. आणि सकाळी चाक काढून मीही बघितलं नव्हतं.

फायनल थांबवली. चारही चाकं काढून रंग खरवडला. कुरकुर करत का होईना, निखिलही पॉलिश पेपर घेऊन बसला. टॉर्क पान्यानं नट आवळले. ठरलेला जोर लागला की हा पाना 'टक' करतो. मग मी सगळे वाजवले. खणखणीत.

सागर गाडीभर अंतरानं हरला. हसत उतरला. मी पुन्हा नट वाजवले, एकही ढिला नव्हता, आणि तिथेच एका टायरवर बसलो. इतकं हलकं मला कुठल्या प्रमोशनलाही वाटलं नव्हतं.

निखिलनं रजिस्टरमध्ये सहीचा दुसरा रकाना आखला: 'धावल्यावर'.

आप्पा चहा घेऊन आले. "जितलं न्हाई, पर पोरगं चार चाकांवर आलं. बास झालं मला." मग जरा घुटमळले. "आमची पिकअपबी वाजवून बघता का? घरची समदी माणसं बसून आलोय तिच्यात."

मी वाजवली. मागचं चाक, तिसरा नट. बद्द.

"हिला तर रंगबी मारला न्हाई!"

"आप्पा, शेवटचे नट कधी तपासले होते?"

आप्पांनी टोपी मागं सारली. "घेतली तवा."