लंडनच्या वाटेवरचा एक तास

लंडनला जायला दहा तास आणि परत यायला नऊ, असं सांगणाऱ्या माणसाला मुलगी द्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

एस.टी. डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावण्यात माझा जन्म गेला. (खोटं बोलणारा माणूस सर्वात आधी वेळेच्या हिशेबात सापडतो, हा माझा सिद्धांत. घरात तो कुणालाच पटत नाही.) त्यामुळे लंडनचा निखिल आईला घेऊन आमच्या मुग्धाला बघायला खांदा कॉलनीत आमच्या घरी आला, तोही वीस मिनिटं उशिरा, तेव्हाच माझी शंका जागी झाली. दोघंही घामाघूम! लपवण्यासारखं काही नसेल, तर माणसाला एवढा घाम येतो कशाला?

मुग्धानं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "बाबा, मागची दोन स्थळं तुम्ही उलटतपासणी घेऊन पळवून लावलीत. हा मला खरंच आवडलाय. प्लीज, गप्प बसा."

पोहे येईपर्यंत मी गप्प बसलो.

"लंडन किती लांब?"

"साधारण सात हजार दोनशे किलोमीटर, काका. जाताना दहा तास, येताना नऊ."

"रस्ता तोच?"

"जवळजवळ तोच."

"मग मधला एक तास जातो कुठे?"

मुग्धानं डोळे वटारले. मी पाहिलंच नाही.

"वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो," निखिल म्हणाला. "इकडे येताना तो विमानाला मागून ढकलतो."

"विमान आहे की शिडाची होडी?"

"अहो, बोरघाट चढायला आणि उतरायला तुमच्या एस.टी.ला सारखाच वेळ लागायचा का?" ही आमची सौ. कायम समोरच्या पार्टीत!

"आकाशात कुठला आलाय घाट?" मी गरजलो. "आज एक तास लपवतोय, उद्या काय काय लपवेल!"

मुग्धा ताडकन उठून आत गेली. आतून हुंदका ऐकू आला. पण माघार घेईन तर तो मी कसला!

निखिलच्या आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"भाऊ, आता मी एक विचारू? फोनवर तुम्हीच म्हणालात ना, घर स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, रिक्षा करू नका? आम्ही उन्हातून पंचवीस मिनिटं चाललो. मधली वीस मिनिटं गेली कुठे?"

"इकडे सगळे पाचच म्हणतात हो," मी पुटपुटलो. (बिल्डरच्या जाहिरातीतही तेच होतं. मी स्वतः रिक्षाशिवाय कधी गेलेलो नाही.)

निखिल शांतपणे म्हणाला, "आई, वारा समोरून असेल."

आत मुग्धा खुदकन हसली. मग सगळेच हसले, आणि लग्न ठरलं.

हॉल आमच्या बिल्डिंगशेजारीच घेतला. निखिलनं पत्रिकेत मुद्दाम छापून घेतलं, 'स्टेशनपासून चालत पंचवीस मिनिटे.' वऱ्हाड वेळेवर पोचलं. उशीर झाला तो एकट्या मुलीच्या बापाला. आतेभावाला आणायला मी स्टेशनवर गेलो होतो, आणि मुहूर्ताला पाच मिनिटं उरली असताना आरामात चालत निघालो!