अश्रूंतील गोरस

मधुमेह माझ्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मला प्रथम थोरले बंधू आठवले. त्यांची दृष्टी याच व्याधीने गेली. कळले तेव्हा फार उशीर झाला होता. त्यामुळे चिंचवडच्या रुग्णालयात संशोधन करणाऱ्या एका मुलीने, "आजोबा, थोडे अश्रू द्याल का? त्यांतली प्रथिनं तपासून हा आजार आधीच ओळखता येतो का, ते आम्ही पाहतोय," असे विचारताच मी होकार दिला. बंधूंसाठी काही करता आले नव्हते. निदान दुसऱ्या कुणाचे डोळे वाचण्यास आपले अश्रू उपयोगी पडावेत, एवढीच इच्छा होती.

ठरल्या दिवशी स्नान, संध्या, पूजा आटोपून गेलो. तिने खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी ठेवली. ती भिजली, काम झाले. दान केल्याच्या समाधानात घरी परतलो.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. सौ.ने तो स्पीकरवर ठेवला.

"आजोबा, तुमच्या अश्रूंत गाईच्या दुधातलं प्रथिन सापडलंय! दोनदा तपासलं."

"बघा," सौ. म्हणाली, "आयुष्यभर रडवलं मी, आणि नाव गाईचं!"

"डोळ्यांत दूधबीध घालता का?" मुलीने विचारले.

मी ठामपणे नकार दिला. सौ.ने मात्र सांगून टाकले: रोज शाळिग्रामाला पंचामृताचा अभिषेक होतो, आणि तीर्थ घेतल्यावर तोच ओला हात हे डोळ्यांना लावतात. मी अत्यंत ओशाळलो.

"मग हा नमुना बाद करावा लागेल," मुलगी हळहळली. "या फेरीचे नमुने घेण्याचा उद्या शेवटचा दिवस आहे. पूजेआधी येता?"

पूजेवाचून उंबरठा ओलांडणे मला शक्य नव्हते. डोळ्यांना हात लावणार नाही, असे मी वचन दिले.

"साठ वर्षांची सवय आहे," फोन ठेवताच सौ. म्हणाली. "तुमचा हात तुमचं तरी ऐकतो का?"

तोडगाही तिनेच काढला. आमचा मुलगा चाकणच्या एका कंपनीत आहे. त्याचा कामावरचा सेफ्टी गॉगल तिने आणून दिला. सकाळी सोवळे नेसून, भस्म लावून, गॉगल चढवून मी देवापुढे बसलो. मनोमन क्षमा मागितली. यथाविधी अभिषेक केला, तीर्थ प्राशन केले, आणि भानावर येण्यापूर्वीच हात वर गेला तो थेट काचेवर! पंचामृत ओघळून मिशीत उतरले.

शिफ्टला निघालेला मुलगा दारातच थबकला. "बाबा, तो माझा गॉगल! आता गेटवर काय सांगू?"

"पूजेला बसलाय म्हणून सांग," सौ. म्हणाली, आणि माझे दोन्ही हात साबणाने धुऊन मगच तिने गॉगल उतरवला. रुग्णालय येईपर्यंत रिक्षात तिने माझा उजवा हात घट्ट धरून ठेवला होता. रिक्षावाल्याला या वयातले हे प्रेम पाहून भरून आले असावे. तो आरशातून सारखा पाहत होता.

पुढच्या आठवड्यात फोन आला. "आजोबा, नमुना एकदम शुद्ध! अभ्यासात घेतला."

मी त्या फोनलाच हात जोडले.

"सहा महिन्यांनी पुन्हा यायचं बरं का."

सौ. मुलाकडे वळली. "कंपनीतून एक जास्तीचा मागून आण."